बाप्तिस्म्याची मोजदाद आणि आठवड्याची पेनी

जानेवारी २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा ‘ख्रिस्ती धर्मगुरू कसा चालेल?’ असा विरोध झाला. त्यांचं मराठी लेखन, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी आणि पाण्यासाठी त्यांनी दिलेला लढा, सगळं बाजूला पडलं. आपल्याकडे पाद्री म्हटला की चर्चा ‘किती जणांना बाटवलं’ इथेच येऊन अडते. इंग्लंडात राहून हे वाद वाचताना वाटतं, धर्मगुरूचं काम जोखायला हा प्रश्न फारच तोकडा आहे. चळवळ उभी कशी राहिली आणि त्याच्या माघारी टिकली का, हे विचारायला हवं.

इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये १७३९ साली बांधलेली ‘न्यू रूम’ ही प्रार्थनेची वास्तू आजही उभी आहे. आत एकावर एक अशी दोन व्यासपीठं, छताला अष्टकोनी झरोका, वरच्या मजल्यावर प्रवचनकारांच्या खोल्या. इंग्रज धर्मगुरू जॉन वेस्ली यांची मेथडिस्ट चळवळ, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती धर्मातला एक प्रवाह, इथेच बांधली गेली, आणि तिचा कणा एका कर्जातून आला. या वास्तूवरचं देणं फिटेना, म्हणून १७४२ मध्ये ठरलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यायची. बारा-बारा जणांचे गट पाडले. फॉय नावाच्या कप्तानाने सांगितलं, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. वसुलीसाठी गटप्रमुख दारोदार जाऊ लागले, तेव्हा कोण दारूत बुडालाय, कुणाच्या घरी भांडणं आहेत, हेही कळू लागलं. वेस्लींनी हे लगेच हेरलं. पैशासाठी पाडलेले गट माणसं सांभाळू लागले. घरोघरी फिरण्यात वेळ जाई, म्हणून गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. दर तीन महिन्यांनी चौकशी होई. वागणं ठीक असेल त्यालाच सभासदत्वाचं नवं तिकीट मिळे.

त्याच काळातले प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या प्रवचनांना वेस्लींपेक्षा मोठी गर्दी होई. पण त्यांनी असे गट बांधले नाहीत, आणि गर्दी पांगली. आपल्या वारीत दिंडी असते ती याच कारणासाठी. नुसत्या गर्दीने पंढरपूर गाठता येत नाही.

वेस्लींचं चुकलं ते अधिकाराच्या बाबतीत. सगळ्या दोऱ्या त्यांच्या हातात होत्या. १७८४ मध्ये त्यांनी दस्तऐवज करून १०० प्रवचनकारांच्या परिषदेला आपला वारस ठरवलं. ज्यांची नावं त्यात नव्हती ते दुखावले. शिवाय पेनी भरणाऱ्या सामान्य सभासदांना परिषदेत आवाजच नव्हता. १७९१ मध्ये वेस्ली गेले आणि १७९७ मध्ये याच मुद्द्यावर पहिली मोठी फूट पडली.

आता मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांसाठी. मोजदादीचा प्रश्न त्यांनी तेव्हाच मोडीत काढला होता, आणि याचं मोल आपण अजून ओळखलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दरबाराला मात्र वेळच मिळाला नाही. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले. मागे गट नव्हते, हिशेब नव्हता, वारस नव्हता. दरबार विरला.

त्यांची पदं राहिली. ‘उपासना संगीत’ हा मराठी ख्रिस्ती गीतसंग्रह उघडून मंडळी आजही ती गातात, कारण ओवी-अभंगाची चाल शिकवायला कुणी मिशनरी लागत नव्हता. ती आधीच घरात होती. इकडे इंग्लंडात मेथडिस्टांची कितीतरी प्रार्थनामंदिरं विकली गेली, काहींची घरं झाली. दिब्रिटोंबद्दल वाद घालताना वसईतल्या गावांनी पाण्याच्या लढ्यासाठी माणसं कशी जमवली, पैसा कसा उभा केला, फादरांच्या माघारी ते काम कोण करतंय, हे कुणी विचारलं असतं तर मी तो वाद शेवटपर्यंत वाचला असता.