नर फुलं खुडून लवक्या लागत नाहीत

पोळा जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एकाच दिवशी तीनदा आला. म्हणणं असं: वेलाला नुसती फुलं येऊन फळ धरत नसेल तर नर फुलं खुडून फेका, ती वेलाचा जोर खातात. थ्री जी कटिंग करा, म्हणजे शेंडे खुडून फांदीला फांदी फोडा, तिसऱ्या पिढीच्या फांदीवर फक्त मादी फुलं येतात. मूठभर युरिया टाका. कोहळं (आमचा लाल भोपळा, बाकरभाजीचा; पेठ्याचा कोहळा वेगळा) आणि लवकी (दुधी भोपळा) शेजारी लावू नका, लवकी कडू होते. आणि कोवळ्या फळाला बोट दाखवू नका. शेजारच्या काकूंनी हे वाचलं आणि सकाळीच सांदवाडीतली (घरामागच्या बागेतली) सगळी पिवळी फुलं टोपल्यात भरली. "काहून खुडून राहिल्या काकू?" म्हटलं, तर मोबाईल पुढे केला.

नर फुलं जोर खात नाहीत. कोहळं, लवकी, दोडकं, सगळ्यांची नर-मादी फुलं वेगळी, पण वेल एकच. लांब सडसडीत देठावरचं नर. पाकळ्यांखाली इवलंसं फळ चिकटलेलं असेल ती मादी. नर आधी येतात, मादी आठ-पंधरा दिवस मागून. तेवढ्यात माणसं घाबरतात आणि खुडायला लागतात. मग मादी आली की तिला परागच नाही! बाळफळ पिवळं पडून गळतं.

खरी मेख वेळेची आहे. कोहळ्याचं फूल उजाडताना उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. लवकीचं पांढरं फूल उलट, दिवस कलल्यावर उमलतं; त्याला रात्रीचे पतंग लागतात. श्रावणाची झड लागली की मधमाश्या फिरत नाहीत, वर बाजूच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी झाली असेल तर विचारूच नका. म्हणून मी काकूंना संध्याकाळी बॅटरी घेऊन मांडवाखाली नेलं. एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, आतली पिवळी दांडी मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवली आणि देठाला लाल धागा बांधला. चार दिवसांनी धाग्याची लवकी मान खाली घालून फुगली होती. शेजारची, बिनधाग्याची, टोकाकडून वाळत होती.

थ्री जी अर्धं खरं आहे. शेंडा खुडला की बगलफुटी, म्हणजे बाजूच्या फांद्या, येतात, आणि लवकी-कारल्याला बगलफुटींवर मादी फुलं जास्त धरतात. पण "फक्त मादी" हे साफ खोटं. आणि खरं असतं तरी पराग कुठून आणणार होतात? कोहळ्याला तर हे करूच नका. जमिनीवर पसरू दिलं तर ते पेरापेराला मुळं धरतं, त्याला धावू द्यावं.  

युरियाबद्दल एवढंच की त्यातलं नत्र जास्त झालं की वेल पानात माजतो आणि मादी फुलं लांबतात. वेलाच्या आळ्यात कुजलेलं शेणखत असेल तर युरिया न टाकता थांबा.

कडूपणाचं मात्र नीट ऐका. कोहळं आणि लवकी एका कुळातली असली तरी त्यांचा संकर होत नाही. रानटी कडू लवकीचा पराग लागला तरी यंदाच्या गरात फरक पडत नाही, पडला तर पुढच्या वर्षीच्या बियाण्यात. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी कडू द्रव्यामुळे येतो. देठाकडची चकती कापून जिभेच्या टोकाला लावा. कडू लागली तर थुंका आणि लवकी फेका. रस तर काढूच नका. कडू रसाने माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही तो पिऊ नका असंच सांगितलं.

राहिलं बोट. आजीही म्हणायची, "दाखवू नको, कुजते ते." कुजतं ते फळमाशीने. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. सालीवर बारीक छिद्र आणि डिंकाचा थेंब दिसतो, चिरलं की अळ्या वळवळतात. पराग न लागून गळालेल्या फळात छिद्रही नसतं, अळीही नसते. फळ धरलं की कागदाची पिशवी बांधा, मांडवाला क्यू ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा. किडकी फळं उकिरड्यावर टाकू नका, अळी मातीत जाऊन पुन्हा माशी होते. हात-दीड हात खोल पुरा.

काकूंच्या टोपल्यातल्या फुलांची बेसन लावून भजी झाली. आता काकू कोहळ्याची नर फुलं सकाळी मादीला पराग लावून झाल्यावरच तोडतात.