असिस्टन्स दफनभूमीतील हिरवळ आणि मृतांचा मान : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथल्या असिस्टन्स दफनभूमीत लोक उद्यानासारखे वावरतात, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. थडग्यांच्या शेजारी चादर अंथरून उन्हात पहुडणे आणि मुलांना खेळू देणे ही मृतांची विटंबना आहे, असे आपण म्हणता. ज्यांचे दुःख अजून ताजे आहे, त्यांचा विचार माझ्या लेखात कुठेच नाही, ही आपली दुसरी तक्रार आहे. आपल्या वडिलांचे थडगे तिथे असते तर हेच लिहिले असते का, असे आपण मला थेट विचारले आहे, आणि उद्या मुंबईत शिवडीच्या दफनभूमीतही हेच सुरू करायचे का, असा शेवटी प्रश्न केला आहे. हे आक्षेप मला गंभीर वाटतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

विटंबनेचा प्रश्न मुळात नवा नाही आणि तो केवळ आपल्या संस्कारांतून आलेला आहे असेही नाही, कारण खुद्द डॅनिश लोकांनी तो दोनशे वर्षांपूर्वी विचारला होता. 1711च्या प्लेगने कोपनहेगनची सुमारे एक तृतीयांश वस्ती नाहीशी केली, तटबंदीच्या आतील चर्चांची आवारे प्रेतांनी भरून गेली आणि पुढे 1760 मध्ये शहराच्या उत्तर वेशीबाहेर ही पूरक दफनभूमी सुरू झाली. प्रारंभी इथे प्रामुख्याने गरिबांनाच पुरत. 1785 मध्ये योहान सामुएल आउगुस्टिन या मोठ्या सरकारी अधिकाऱ्याने स्वतःच्या इच्छेने इथली जागा निवडली आणि मग प्रतिष्ठित घराण्यांचीही रीघ लागली. त्याच सुमारास शहरातील माणसे खाण्यापिण्याचे सामान घेऊन सहलीसाठी इथे येऊ लागली. 1805 मध्ये दफनभूमीत खाणे, पिणे, वाद्ये वाजवणे आणि कोणत्याही प्रकारचे आनंदी वर्तन करणे यांवर कायद्याने बंदी घालण्यात आली. आपण आज जे म्हणता, तेच त्या बंदीमागे होते. लोक मात्र येतच राहिले, आणि मला हे लोकांच्या निगरगट्टपणाचे लक्षण वाटत नाही. दाटीवाटीच्या शहरात झाडांखाली बसण्याची गरजच इतकी खरी होती की कायदा तिला पुरा पडला नाही.

ही गरज आज अधिकच मोठी आहे. ज्या नोरेब्रो भागात ही दफनभूमी आहे, तो शहरातील सर्वांत दाट वस्तीच्या भागांपैकी एक आहे आणि तिथे पाच-पाच मजली इमारतींच्या रांगा रस्त्याला भिडून उभ्या आहेत. पिवळ्या भिंतीआड जुनी झाडे असलेला हा वीसेक हेक्टरांचा पट्टा नसता, तर तिथल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना चालत जाण्याजोगी एवढी मोठी सावली जवळपास मिळाली नसती. अंधारा, लांबलचक हिवाळा काढून बाहेर पडलेला माणूस पहिल्या उन्हात पाठ टेकतो, तेव्हा शेजारी निजलेल्याचा अपमान करण्याची भावना त्याच्या मनात नसते.

आता ताज्या दुःखाविषयी. इथे आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच तिथली व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. डेन्मार्कमध्ये थडग्याची जागा कायमची मिळत नाही. ती ठरावीक वर्षांसाठी भाड्याने घेतली जाते आणि मुदत संपल्यावर कुटुंबीयांनी नूतनीकरण केले नाही, तर दगड हलवला जातो. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचे दगड मात्र जतन केले जातात. त्यामुळे अशा जुन्या दफनभूमीत काही भाग वापरातून बाहेर पडत जातात. असे भाग महापालिकेने उद्यान म्हणून खुले केले आहेत आणि पहुडणे, खेळणे तिथेच अपेक्षित आहे. जिथे थडगी वापरात आहेत, तिथे शांतता पाळायची असते. नव्या थडग्याजवळ बिअरचे डबे घेऊन बसणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे समर्थन मी कधीही करणार नाही. मात्र काहींच्या असभ्यपणासाठी सर्वांना फाटक बंद करणे मला अन्यायाचे वाटते.

या व्यवस्थेमुळे 'चिरनिद्रेत व्यत्यय' ही आपली कल्पनाही थोडी तपासावी लागते. परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनला 1875 मध्ये इथे पुरले, तेव्हा त्याच्या जिवलग कोलिन दांपत्यासाठीही तीच जागा ठरली होती आणि पुढे ते दोघे तिथे विसावलेही. नंतर त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांना दुसऱ्या दफनभूमीत हलवले. मेट्रोचे नोरेब्रोस रुंडेल स्थानक 2019 मध्ये सुरू झाले, त्यासाठी याच दफनभूमीचा एक कोपरा खणावा लागला. मृतांना हलवतात ते नातेवाईक, प्रशासन आणि जमिनीची टंचाई. त्या तुलनेत झाडाखाली पुस्तक वाचणारी मुलगी कोणाच्याही विश्रांतीला धक्का लावत नाही. उलट, रोज माणसांची ये-जा असलेल्या जागेवर कुणाला हात टाकायचा असेल, तर विरोध करायला शेजारीच लोक उभे असतात. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची थडगी शोधत जगभरातून माणसे येतात, हे खरे. पण शेजारच्या अनोळखी दगडांवरची नावे वाचली जातात, ती रोज फिरायला येणाऱ्यांकडून.

वडिलांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते. त्यांचे थडगे तिथे असते, तर पहिली काही वर्षे मला आजूबाजूला कुणीही नको वाटले असते. त्यानंतर मुलांचे आवाज ऐकू आले असते, तर मला बरेच वाटले असते. आपल्याकडे दहन झाल्यावर बहुतेक घरांत मागे जागा उरत नाही, म्हणून हे दृश्य परके वाटते, हे मी समजू शकते. तरीही आळंदीला ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीच्या परिसरात माणसे जेवतात, भजन करतात, लेकरांना झोपवतात. दादरच्या चैत्यभूमीवर 6 डिसेंबरला लाखोंचा समुदाय लोटतो आणि एरवी तिला लागूनच चौपाटीवर लोक फिरत असतात. संत आणि महापुरुषांची गोष्ट वेगळी, असे आपण म्हणाल. श्रद्धेचा फरक मोठा आहेच. परंतु मृत व्यक्तीच्या सान्निध्यात जगण्याची वर्दळ असणे म्हणजे अनादर नव्हे, एवढे तर आपणही अनुभवाने जाणतो.

राहता राहिली शिवडी. तिथला इतिहास नेमका उलट दिशेने गेला आहे : एकोणिसाव्या शतकात तिथे असलेल्या उद्यानाची जमीन दफनभूमीसाठी घेतली गेली आणि उद्यान भायखळ्याला हलले, तीच आजची राणीची बाग. व्ही.टी. स्थानकाचे वास्तुकार स्टीव्हन्स ज्या भूमीत विसावले आहेत, ती आजही वापरात आहे, तिथे जागेची टंचाई आहे आणि कुटुंबे आपल्या माणसांसाठी नियमित येतात. कोपनहेगनमध्ये वापरातून सुटलेली मोकळी जमीन हाताशी होती, तशी शिवडीत नाही. त्यामुळे तिथे चादरी अंथराव्यात, असे मी सुचवलेले नाही आणि सुचवणारही नाही. तिथली जुनी झाडे आणि जुने संगमरवर टिकावेत, वाटा स्वच्छ राहाव्यात, नव्या दफनांची सोय व्हावी, हे आधी झाले पाहिजे. बाहेरच्यांना कुठल्या वेळी आणि कुठपर्यंत फिरू द्यायचे, हे ज्यांची माणसे तिथे आहेत त्या ख्रिस्ती कुटुंबांना विचारूनच ठरवावे.