तो आपला कुठला?

२०२४ च्या गणपतीत लालबागला भावाकडे होतो. रात्री जेवताना अमन सेहरावतचा विषय निघाला. पॅरिस ऑलिंपिकमधलं त्याचं कुस्तीचं कांस्यपदक तेव्हा ताजं होतं. भाऊ म्हणाला, "हरियाणाचं रक्तच वेगळं. दूध-तुपावर वाढलेली पोरं ती. आपल्या वडापाववाल्यांना ते झेपायचं नाही." पुतण्या म्हणाला, "काका, आपलाही नरसिंग यादव होता की." त्यावर भाऊ ताटातून मान वर न करता म्हणाला, "तो आपला कुठला?"

मी तेव्हा गप्प बसलो. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला परतल्यावर मात्र बर्फ उपसताना, रूट २२ वर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर, मी मनातल्या मनात भावाशी भांडत असतो.

रक्ताचाच हिशेब करायचा तर करू. कुस्तीत भारताला ऑलिंपिकची आठ पदकं मिळाली. पहिलं आपल्या खाशाबा जाधवांचं, कराडजवळच्या गोळेश्वरचं, १९५२ चं. त्यानंतर थेट २००८ पर्यंत कुणालाच काही नाही. हरियाणाचं रक्त मधली छप्पन्न वर्षं काय करत होतं? आणि दुष्काळ संपवला तो सुशील कुमारने. तो दिल्लीच्या बापरोला गावचा. हरियाणाची पाच पदकं खरी, पण त्यातले योगेश्वर दत्त, रवी दहिया, अमन घडले दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये, प्रशिक्षक सतपाल यांनी उभ्या केलेल्या आखाड्यात. तिथे पोरं लहानपणापासून मॅटवर होती. पदक आणलं की हरियाणा सरकारने पोलिसात डीएसपीची नोकरी दिली, कोटींत बक्षिसं दिली. साक्षी मलिकसारख्या मुलींना मॅट मिळाली. यात रक्त कुठे आलं? २०११ च्या जनगणनेत हरियाणा अडीच कोटींचा होता आणि आपण सव्वाअकरा कोटींचे. एवढ्या माणसांत दूध पिणारी पोरं सापडत नाहीत, असं म्हणायचं आहे का?

आपली अडचण वेगळीच आहे आणि ती सांगताना मला त्रास होतो, कारण कोल्हापूरच्या खासबागेत हलगी वाजली की माझ्या अंगावर अजून काटा येतो. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानासारखं मैदान मी अमेरिकेत पाहिलेलं नाही. पण आपल्या पैलवानाचं घर चालतं जत्रेच्या इनामावर. तिथे गुण नाहीत, वजनाचा काटा नाही, चीतपट झाली तरच कुस्ती. महाराष्ट्र केसरीची गदाही खुल्या गटात, म्हणजे जड पैलवानाच्याच खांद्यावर. आता ती आठ पदकं पुन्हा बघा. एकही सहासष्ट किलोच्या वर नाही. खाशाबा सत्तावन्नच्या आतले. ज्या वजनात आपण जग जिंकू शकतो, त्या वजनाच्या पोराला गावात कुणी फेटा बांधत नाही. राहुल आवारेने २०१९ ला जागतिक स्पर्धेत एकसष्ट किलोत कांस्य आणलं. त्याची मिरवणूक किती गावांनी काढली?

खाशाबांनाही १९४८ ला लंडनमध्ये मॅटचे नियम शिकवले ते रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने. ते सहावे आले, आणि चार वर्षांनी पदक.

मी राहतो ते गाव पोलादाचं. इथली भट्टी १९९५ ला थंड झाली. आमचं गिरणगाव १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर विझलं. वडिलांची गिरणी गेली, गाळ्यात राहणारी सातारा-कोल्हापूरकडची माणसं गावी परतली आणि आमच्या तालमीत संध्याकाळी चार पोरंही जमेनात. इथे मात्र कारखाना गेला तरी कुस्ती राहिली, कारण ती शाळेत होती. शेजारच्या ईस्टनचा बॉबी वीव्हर १९८४ ला ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन आला. आजही शनिवारी ड्युअल, म्हणजे दोन शाळांच्या संघांचा सामना, असला की जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते. मी बाहेर खाण्याच्या स्टॉलवर डोनट विकतो आणि कान आत लावून असतो. इथल्या पेन स्टेट विद्यापीठाने २०११ ते २०२५ या काळात बारा राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. त्यांचा प्रशिक्षक केल सँडरसन युटाचा. वावा नावाच्या इथल्या दुकानात कॉफीच्या रांगेत मी त्याच्याबद्दल तासन्‌तास ऐकलंय, पण तो आपला कुठला, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

माझा मुलगा १३३ पौंडात खेळतो. गेल्या वर्षी त्या जागेसाठी दोघं होते. प्रशिक्षकाचे आजोबा पोलाद कारखान्यातले, दुसऱ्या मुलाचेही तिथलेच. प्रशिक्षकाने दोघांची कुस्ती लावली. माझा मुलगा जिंकला आणि संघात गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

१९८७ ला आमच्या तालमीत जोगेश्वरीच्या तबेल्यातून एक मुलगा यायचा. दूध घालून झालं की लोकलने यायचा, आखाड्याचा हौदा खणायचा, मग आमच्याशी लढायचा. मला त्याने एकदाही उठू दिलं नाही. चैत्रात कराडकडच्या जत्रेला एका पोराला न्यायचं ठरलं. वस्तादांनी माझं नाव घेतलं. कुणीतरी विचारलं, तो दूधवाल्याचा का नको? वस्ताद म्हणाले, "तो आपला कुठला?" मी तिथेच उभा होतो. मला बोलता आलं असतं. मी घरी गेलो आणि आईला सांगितलं की माझी निवड झाली. जत्रेत मी नारळावरची, म्हणजे इनाम म्हणून नुसता नारळ असलेली, कुस्ती हरलो. परत आलो तेव्हा तो तालमीत यायचा थांबला होता.

नरसिंगही जोगेश्वरीत वाढला, दूधवाल्याच्याच घरात. तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, २०१५ ला जागतिक कांस्य मिळवलं. भावाने ते तीन शब्द उच्चारले तेव्हा मी का गप्प बसलो, हे आता त्याला कळेल.

आणखी एक सांगायचं आहे. माझ्या मुलाचा हुकमी डाव धोबीपछाड आहे. हात खांद्यावर घेतो, कंबर आत घालतो आणि समोरचा पाठीवर. हर्शीला तो डाव बसला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. तो मीच त्याला बेसमेंटमध्ये शिकवला. आपल्या कराडकडचा डाव आहे, आजोबांच्या गावचा, असं त्याला सांगितलं. माझ्या वडिलांना तो डाव येत नव्हता. मला तो त्या मुलाने शिकवला होता, एका पावसाळी संध्याकाळी, तालमीत आम्ही दोघंच होतो तेव्हा.