व्हर्जिनियात खुर्ची दर वेळी मोकळीच
अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या गव्हर्नर निवडणुकीवरच्या लेखात, तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी २०२५ मध्ये ‘माघार घेतली’ असं आहे, ते पटलं नाही. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेनुसार गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही. मध्ये एक टर्म जाऊ दिली तर चालतं. आधी गव्हर्नर राहिलेले टेरी मॅकऑलिफ २०२१ मध्ये तसेच परत उभे राहिले आणि यंगकिनकडून जेमतेम दोन टक्क्यांनी पडले. (वर्षभर आधी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅकऑलिफ यांच्याच पक्षाचे बायडन तिथे दहा टक्क्यांनी जिंकले होते, बरं का!) मला हा नियम काही फारसा आवडत नाही. माणूस कारभारात रुळेपर्यंत निघायची वेळ होते. आणि २०२५ मध्ये अबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर म्हणून जिंकल्या, त्याच निवडणुकीत हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर (गव्हर्नरच्या खालोखालचं पद) झाल्या, तेही गव्हर्नरपदाहून स्वतंत्र मतदानाने. लेखात त्यांचं नावही नसावं?