मोटरहोमची पट्टी

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात आपली सात वर्षे वापरलेली गाडी वाकडजवळच्या एका यार्डात ‘पार्क अँड सेल’ पद्धतीने विकायला ठेवली, आणि त्यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात जो वाद पेटला त्यात कॅलिफोर्नियातल्या आत्याला, म्हणजे मला, साक्षीला ओढण्यात आले. या पद्धतीत गाडी यार्डात उभी राहते, मालकी मात्र आपलीच राहते; गिऱ्हाईक यार्डवाला आणतो आणि विक्री झाल्यावर आपला वाटा कापून घेऊन उरलेले पैसे आपल्याला देतो. भाच्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, निफाड तालुक्यात कांदा पिकवतात. दलाल म्हटला की लुबाडणूक आलीच, कांद्यात तेच आणि गाडीतही तेच, हे मधले लोक समूळ हटवल्याशिवाय गत्यंतर नाही, असे त्यांचे मत. चुलतभावाचे म्हणणे असे की हे सगळे आपल्याकडेच चालते, अमेरिकेत कायदा असतो, कुणाची बिशाद नाही. हवे तर आत्याला विचारा.

मी २०२४ साली सॅक्रामेंटोजवळच्या एका डीलरकडे आपले मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, नेमके याच पद्धतीने विकले होते, आणि त्या अनुभवानंतर मला दोघांचेही म्हणणे पटेनासे झाले आहे.

मोटरहोम आम्ही २०२१च्या उन्हाळ्यात घेतले. साथीच्या काळात विमाने आणि हॉटेले नकोशी झालेल्या अर्ध्या अमेरिकेने तेच केले होते: त्या एका वर्षात कारखान्यांतून ६,००,२४० नव्या आरव्ही, म्हणजे मोटरहोमे आणि राहण्याचे ट्रेलर, बाहेर पडल्या, तो या धंद्याचा विक्रम होता. २०२३पर्यंत हा आकडा ३,१३,१७४वर घसरला. आमची गाडी २८ फूट लांब, फोर्डच्या ई-४५० चेसिसवरची, आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. अण्णा आणि आई आले तेव्हा त्यांना घेऊन आम्ही योसेमिटीला गेलो. आईने त्यात बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, आणि धुराची घंटा दोनदा वाजली. पुढे मुलांच्या शाळा सुरळीत झाल्या आणि गाडी वर्षातून जेमतेम दहा दिवस बाहेर पडू लागली. आमच्या वसाहतीच्या नियमांप्रमाणे ती घरासमोर उभी करता येत नाही, म्हणून तिच्यासाठी महिन्याला १६५ डॉलर भाड्याची जागा घेतलेली होती. उभ्या मोटरहोमचे उभ्या पिकासारखे नसते, ते नुसते खात राहते. छताच्या सांध्यांतले सीलंट सुकते, जनरेटर चालवला नाही की त्याचा कार्ब्युरेटर चिकटतो, आणि टायरची नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांत रबर तडकते. टायरच्या कडेवर शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला हे छापलेले असते. जाणता गिऱ्हाईक दार उघडायच्या आधी वाकून ते वाचतो.

स्वतः विकायचा प्रयत्न आम्ही दोन महिने केला. पन्नास-साठ हजार डॉलर रोख घेऊन कोणी येत नाही. बहुतेकांना दहा-पंधरा वर्षांचे कर्ज हवे असते, आणि अनोळखी माणसाने वापरलेले मोटरहोम घेताना बँका हात आखडतात. कित्येकांना आपला जुना ट्रेलर बदल्यात द्यायचा असतो, त्याचे मी काय करणार? शिवाय ज्याने आयुष्यात कधी एवढी लांब गाडी हाकलेली नाही अशा माणसाशेजारी बसून त्याला ती वस्तीतून फिरवू देणे हा जिवाशी खेळ आहे. डीलर या सगळ्याला तोंड देतो: कर्ज मिळवून देतो, जुनी गाडी बदल्यात घेतो, कागदपत्रे करतो आणि शनिवारी सकाळपासून गिऱ्हाइकांना पायऱ्या चढवतो-उतरवतो. त्याचा मोबदला त्याने घ्यावा यात मला काही गैर दिसत नाही, आणि दादांचे ‘समूळ हटवा’ इथेच लटके पडते, कारण ते काम नाहीसे होत नाही, कोणाच्या तरी डोक्यावर येऊन पडतेच. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते हे दादांना माझ्यापेक्षा जास्त आठवते. आडत सरकली, पण व्यापारी जागचा हलला नाही.

डीलरने दोन प्रकारचे करार पुढे ठेवले. एकात विक्रीच्या किमतीवर दहा टक्के कमिशन. दुसऱ्यात, ज्याला इथे ‘नेट’ म्हणतात, मला ५२,००० डॉलर ठरलेले आणि त्यावर जे मिळेल ते सगळे डीलरचे. बाजार घसरत होता, ठरलेला आकडा गोड वाटला, मी नेटवर सही केली. साडेचार महिन्यांनी गाडी विकली गेली. करारात विक्रीनंतर वीस दिवसांची मुदत होती, पैसे अठराव्या दिवशी आले, आणि सोबत एक हिशेबाचा कागद: आतून-बाहेरून धुलाई ४५०, घरगुती वापराच्या दोन बॅटऱ्या ३८०, जनरेटरची सर्व्हिस २९०, छताचे सीलंट ५२५, वजा जाता ५०,३५५.

मी तो कागद व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो ओळीने वाचला आणि म्हणाले, “ही तर पट्टीच की.” बाजार समितीत माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडतो तो हिशेबाचा कागद म्हणजे पट्टी. हमाली, तोलाई, वाराईच्या जागी बॅटऱ्या आणि धुलाई, एवढाच फरक. एप्रिल २०२४मध्ये याच कपातींच्या वादावरून जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव काही दिवस ठप्प झाले होते, त्यामुळे हे शब्द त्यांच्या जिभेवर ताजे होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते: “पुकारा कितीचा झाला?” म्हणजे शेवटची बोली कितीची लागली.

तो मला दीड महिन्याने कळला, आणि तोही अपघाताने. गाडीबरोबर दिलेल्या देखभालीच्या फाइलमधून माझा नंबर शोधून नव्या मालकाने फोन केला; निवृत्त गृहस्थ, अतिशय सभ्य. सांडपाण्याच्या झडपांशेजारी कोणत्या तरी अगम्य लिपीत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, ती काही धोक्याची सूचना आहे का, असे त्यांना विचारायचे होते. ती माझ्याच हातची होती: ‘आधी काळी, मग करडी.’ संडासाची ती काळी टाकी, मोरी-न्हाणीची ती करडी. काळी आधी रिकामी करायची, म्हणजे मागून करडीचे पाणी त्याच नळीतून जाऊन नळी धुऊन निघते. त्यांनी ते लिहून घेतले, आणि बोलता बोलता गाडी आपल्याला ६१,५०० डॉलरला पडली हेही सांगून गेले.

डीलरने मला फसवले नाही, हे आधी लिहिले पाहिजे. करार मी वाचून केला होता. मात्र दहा टक्क्यांच्या करारात त्याला ६,१५० मिळाले असते, नेटमध्ये त्याला ९,५०० मिळाले, आणि मधले ३,३५० डॉलर मी केवळ पुकारा ऐकला नाही म्हणून गमावले. आपल्याकडच्या व्यापारी भाषेत याला नेमके शब्द आहेत. कच्चा आडत्या मालकाच्या वतीने माल विकतो, आलेली किंमत त्याला कळवतो आणि फक्त आडत घेतो. पक्का आडत्या स्वतःच समोरचा पक्ष होऊन व्यवहार करतो, नफा-तोटा त्याचा. माझा डीलर दारावर कच्च्या आडत्याची पाटी लावून आत पक्क्याचा धंदा करत होता, आणि ते कायदेशीर होते.

लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर रांगेने उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कोणी कांद्यात हात घालून तळचा कांदा वर काढतो, बोली होते, आणि ज्याचा माल आहे तो माणूस ट्रॉलीवर उभा राहून शेवटचा आकडा आपल्या कानांनी ऐकतो. पटला नाही तर देत नाही म्हणून ट्रॅक्टर वळवू शकतो. तिथे सगळे निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. खळ्यावर माल खाली होताना ‘आतला माल हलका निघाला’ म्हणून भाव तोडला जातो, व्यापाऱ्याचे चेक वटत नाहीत, हे आमच्या घरानेही भोगले आहे. परंतु किंमत मालकासमोर ठरण्याची जी रीत तिथे रुजलेली आहे, ती माझ्या कराराच्या एकाही कलमात नव्हती. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकून शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा चेक पडला, तो चेक देशभर गाजला आणि सगळा राग आडत्यावर निघाला. पण त्या पट्टीतला खरा घाव किलोला १ रुपया हा भाव होता, आणि तो भाव निदान पट्टीवर लिहिलेला होता. माझ्या पट्टीवर भाव नव्हता.

आता चुलतभावाच्या ‘तिथे कायदा असतो’ याविषयी. कॅलिफोर्नियाच्या व्यापारी संहितेत असे कलम आहे की तुम्ही आपली वस्तू त्याच प्रकारच्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याच्या ताब्यात सोपवली आणि त्याने ती नेहमीच्या व्यवहारात प्रामाणिक गिऱ्हाइकाला विकली, तर गिऱ्हाइकाला तुमचे सगळे हक्क मिळतात. डीलरने पैसे बुडवले तरी गाडी गिऱ्हाइकाची. तुम्ही डीलरच्या मागे धावायचे. आणि भारताच्या १९३०च्या मालविक्री कायद्याचे २७वे कलम उघडले तर त्याच्या परंतुकात जवळपास हेच आहे: मालकाच्या संमतीने माल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यापारी दलालाने धंद्याच्या रीतीप्रमाणे केलेली विक्री सद्हेतूने घेणाऱ्याच्या बाजूने पक्की ठरते. सॅक्रामेंटो असो की वाकड, किल्ली दिली की निम्मी मालकी गेली. इथे डीलरला परवान्यासाठी हमीपत्र द्यावे लागते हे खरे, आणि ते आपल्याकडच्या यार्डांपेक्षा पुढचे पाऊल आहे हेही मान्य. पण कॅलिफोर्नियात ती हमी ५०,००० डॉलरची असते, आणि त्या आवारात चाळीस मोटरहोमे उभी होती. माझ्या एकटीच्या गाडीतच ती संपली असती.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र मला इथली रीत सोपी वाटते. विक्रीनंतर पाच दिवसांत मालकाने वाहन खात्याला ऑनलाइन कळवायचे, की पुढचा दंड-अपघात नव्या मालकाच्या नावे. भारतात विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवावे असा नियम आहेच. तरी लोक मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरेच सही करून यार्डात ठेवतात आणि नोंद वर्षभर आपल्याच नावे राहू देतात. नोंदणी-पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो, असे अपघाताच्या भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट सांगितले आहे. २२ डिसेंबर २०२२ला केंद्राने याच दुखण्यावर नियम काढले, ते १ एप्रिल २०२३पासून लागू झाले: अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना परिवहन कार्यालयाला गेली की तो डीलर मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या लेखी मालक, होतो. चांगला नियम आहे, आणि त्याची चर्चा आमच्या गटात कोणी केली नव्हती. डिसेंबर २०२४मध्ये जुन्या गाड्यांच्या डीलरच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के जीएसटी ठरला तेव्हा मात्र गटात दोन दिवस धुरळा उडाला होता. गंमत अशी की त्या करापायी डीलरला आपला नफा सरकारला सांगावा लागतो. ज्याची गाडी, त्याला नाही.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा वापरलेली मोटरहोमे पुण्या-नाशिकच्या यार्डांत यायलाही फार काळ लागू नये.

भाच्याला मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या. यार्डाकडे अधिकृत डीलरचे प्रमाणपत्र आहे का ते पाहा. खरी विक्री-किंमत गिऱ्हाइकाच्या सहीच्या कागदासह मालकाला दाखवण्याचे कलम करारात घाल, आणि कमिशन त्या किमतीवर ठरव. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय २९ आणि ३०वर सही करू नकोस. यार्डवाल्याकडे प्रमाणपत्र नव्हते. पैशांचे तो कसेबसे मान्य करत होता, पण किंमत दाखवण्याच्या कलमावर त्याचे उत्तर होते की साहेब, असे कोणी मागत नाही. भाचा गाडी परत घेऊन आला. ती आता सोसायटीच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी आहे, सेक्रेटरीची दोन पत्रे आली आहेत, आणि दादा गटात रोज विचारतात की मधला माणूस काढला ना, मग विक आता.