मोरायराच्या डोंगरावरची काचेची घरं

पोस्ट लांब आहे, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी एकाच धाटणीची जाहिरात पाठवून मला विचारतं, 'ही व्हिला घ्यावी का गं?' स्पेनच्या अलिकांते प्रांतातलं मोरायरा. समुद्र गाडीने पाच मिनिटांवर, चार बेडरूम, पांढरे ठोकळे, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काठावरून पाणी थेट समुद्रात सांडतंय असं वाटायला लावणारा पूल. किंमत वीस-पंचवीस लाख युरो, म्हणजे आपले वीस कोटी कधीच ओलांडले. मी आर्किटेक्ट आहे, व्हॅलेन्सियात राहते आणि याच पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. माझं उत्तर सगळ्यांना एकच असतं: ही व्हिला घेऊ नका. हातात पैसा आहे आणि या किनाऱ्यावर जीव जडलाय, तर गावातलं जुनं घर घ्या.

कारण ही व्हिला म्हणजे एक दृश्य आहे आणि तेच विकलं जातंय. मोरायरात प्रत्येकाला खिडकीतून शेजारच्या काल्पे गावाचा पेन्योन दे इफाक हवा असतो. समुद्रातून सरळ उठलेला 332 मीटरचा तो खडक सुंदर आहे, यात वादच नाही. पण तो मोरायराच्या नैऋत्येला आहे. म्हणजे अख्खी काचेची भिंत नैऋत्येकडे तोंड करून उभी राहते. दक्षिणेचं ऊन अडवणं सोपं असतं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि छप्पर थोडं पुढे काढलं की भागतं. दुपारनंतरचं ऊन मात्र तिरकं येतं, छपराखालून सरळ सोफ्यापर्यंत पोचतं. जुलैत दुपारी चारनंतर अशा दिवाणखान्यात पडदे ओढून, एसी लावून बसावं लागतं. ज्या दृश्यासाठी कोट्यवधी मोजले ते पडद्याआड!

इथल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. मरीना आल्ता नावाच्या या भागात शेतघरांना 'रिउराउ' असायचा, दगडी कमानींचा खोल, मोकळा ओसरा. एकोणिसाव्या शतकात इथला बेदाणा देनियाच्या बंदरातून इंग्लंडला जायचा. मस्कत जातीची द्राक्षं उकळत्या क्षारपाण्यात क्षणभर बुडवायची, वेताच्या ताट्यांवर उन्हात पसरायची, आणि पावसाचं चिन्ह दिसलं किंवा रात्री दव पडायला लागलं की ताट्या उचलून रिउराउखाली न्यायच्या. मी मूळची तासगाव तालुक्यातली. आमच्याकडेही द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवूनच शेडवर टाकतात. सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि माल लवकर वाळतो, दोन्हीकडे कारण तेच. फरक एवढाच की आमचा बेदाणा जाळ्यांवर सावलीत वाळतो आणि इथला उन्हात वाळायचा. पहिल्यांदा रिउराउखाली उभी राहिले तेव्हा ती कमान कशासाठी आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढे फायलोक्सेरा या किडीने वेली मारल्या, बेदाण्याचा धंदा बसला, कमानी उरल्या. हेझुस पोब्रे नावाच्या छोट्या गावात रविवारचा बाजार आजही रिउराउच्या कमानींखाली भरतो. कडक उन्हाच्या दिवशी तिथे जा आणि भिंतीला हात लावून बघा. हाबेआ गावातल्या जुन्या घरांच्या चौकटी तोस्का नावाच्या पिवळसर, सच्छिद्र दगडाच्या आहेत आणि हा दगड तिथल्याच किनाऱ्यावरून काढलेला आहे. जाड भिंती, लहान खिडक्या, आत अंगण. एसी नसतानाही माणसं तिथे उन्हाळे काढत होती.

डोंगराचंही तेच. इथे उतारांवर दगडांच्या, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या बांधांच्या पायऱ्या आहेत. ही दगड रचण्याची कला 2018 साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली. या पायऱ्या काही शोभेसाठी नाहीत. इथला पाऊस शरद ऋतूत येतो आणि आला की कोसळतो. मोरायरापासून फार लांब नसलेल्या ओलिवा गावात 3 नोव्हेंबर 1987 रोजी चोवीस तासांत 817 मिलिमीटर पाऊस पडला होता. व्हिलेसाठी हा उतार कापतात, काँक्रीटची भिंत घालतात, प्लॉटभर फरशी करतात, आणि पाणी खालच्या माणसाच्या दारात जातं. वरच्या बाजूला ओसाड पडलेल्या पायऱ्यांवर पाइन माजतो. सप्टेंबर 2016 मध्ये हाबेआच्या ग्रानादेल्या भागात वणवा लागला तेव्हा त्याच्या वाटेतली घरं जळली. जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेलं असतं तो हाच पाइन.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते जानेवारीत. संध्याकाळी सहाला डोंगरावरच्या वसाहतींमधून गाडी चालवत जा. रस्त्यावरचे दिवे चालू, सगळ्या घरांची शटरं खाली. पूल स्वच्छ करणारा माणूस सोडला तर कुणी भेटत नाही. खाली गावात शाळेतल्या शिक्षिकेला, दवाखान्यातल्या नर्सला भाड्याने घर मिळत नाही. अलिकांते प्रांतात विकल्या जाणाऱ्या दर दहा घरांपैकी चारांहून अधिक परदेशी लोक घेतात. त्यावर इथे राग आहे, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. जानेवारी 2025 मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर घराच्या किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर लावण्याची कल्पना मांडली ती उगाच नाही.

आता आपल्या लोकांसाठी व्यवहाराचं थोडं. पाच लाख युरोंचं घर घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा 3 एप्रिल 2025 पासून बंद झाला. एजंट अजूनही घुमवून फिरवून त्याचा उल्लेख करतात, फसू नका. घर तुमचं असलं तरी राहायचं शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या नियमानेच, कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90. भारतातून पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि घराच्या किमतीवर करापोटी साधारण दहा टक्के वेगळे ठेवा.

गावातलं घर घ्यायचं ठरवलंत तर बेनिसा, तेउलादा, गाता दे गोर्गोस ही गावं आधी पायी फिरा, तीही हिवाळ्यात. बेकरी उघडी आहे का, बाकांवर म्हातारी माणसं बसलेली दिसतात का, ते बघा. रजिस्ट्रीतून 'नोता सिंप्ले' हा उतारा काढा, त्यात घरावरचा बोजा कळतो. त्यातलं क्षेत्रफळ आणि कातास्त्रोच्या, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी मोजणीच्या नोंदीतलं क्षेत्रफळ जुळतं का ते तपासा, जुन्या घरांत हमखास फरक निघतो. आणि तळमजल्याच्या भिंती गुडघ्याच्या उंचीपर्यंत नीट बघा. चुन्याच्या भिंतीवर कुणी सिमेंटचं प्लास्टर चढवलं असेल तर ओल आतच कोंडलेली असते. ते काढून पुन्हा चुन्याचं प्लास्टर करायला काय खर्च येईल, याचा अंदाज इसारा देण्याआधी लेखी घ्या आणि तो आकडा समोर ठेवूनच भाव करा.