चिंतनपर नोंदी म्हणजे परदेशी खूळ? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: चिंतनपर नोंदी (भेटीत काय घडलं, आपण काय केलं आणि का, यावर विचार करून लिहिलेली पानं) हे परदेशी खूळ आहे, तिकडचे सिद्धान्त इकडच्या वस्तीत लागू पडत नाहीत आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) मुलांचा वेळ पानं भरण्यात जातो.

शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. ग्रॅहम गिब्ज या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाचं १९८८ चं चिंतनाचं सहा पायऱ्यांचं चक्र (वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती) बऱ्याच वह्यांमध्ये दुसऱ्या पायरीवरच दमतं. गृहभेटीचं तीन पानी वर्णन, ‘खूप वाईट वाटलं’ हे एक वाक्य, आणि शेवटी ‘येथे प्रणाली सिद्धान्त (माणसाकडे कुटुंब, शाळा, वस्ती यांच्या जाळ्याचा भाग म्हणून बघणारा) वापरला’ असा शिक्का. त्याच वहीवर गुण मिळत असतील तर आपण कुठे गडबडलो हे कोण लिहील? गुण आणि नोंद वेगळी करा, नाहीतर कुठलंही चक्र आणून उपयोग नाही.

सिद्धान्तांचं मात्र तसं नाही. न्यूझीलंडच्या १९८९ च्या बालविषयक कायद्यात ‘कौटुंबिक परिषद’ आली, तिची मुळं तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीत आहेत: मुलाचा प्रश्न विस्तारित कुटुंबाने एकत्र बसून सोडवायचा. तिथून ती ब्रिटन, नेदरलँड्समध्ये गेली. म्हणजे सगळंच गोऱ्यांकडून येतं असं नाही. तिचा गाभा एका टप्प्यात आहे: माहिती देऊन झाली की कार्यकर्ते आणि अधिकारी खोलीबाहेर जातात, नातेवाईक आपसात योजना ठरवतात.

आता हीच परिषद आपल्याकडच्या एखाद्या एकत्र कुटुंबात भरवली असं धरा. कार्यकर्ती बाहेर पडली की सासरे आणि दीर बोलणार, सून मान खाली घालून ऐकणार, आणि ठराव ‘एकमताने’ मंजूर! एवढ्यावरून पद्धत टाकाऊ ठरत नाही. नातेवाइकांमध्ये सगळ्यांना बोलता येतं, हे तिच्यातलं गृहीतक इथे उघडं पडतं. मग सुनेला आधी एकटीला गाठून बोलायचं, तिच्या माहेरचं माणूस बैठकीला बोलवायचं, आणि घरात मारहाण असेल तर ही बैठकच घ्यायची नाही.

असं गृहीतक पकडायला एक पान पुरतं, पण ते त्याच दिवशी लिहायला हवं. दोन दिवसांनी आठवतो तो आपणच लावलेला अर्थ. पानाच्या डावीकडे जे ऐकलं-पाहिलं ते जसंच्या तसं: “ती शाळेत जात नाही,” आई म्हणाली, मुलीकडे न बघता. उजवीकडे आपला अर्थ: आईला आस्था नाही. खाली आणखी दोन शक्यता: धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नाही, किंवा पाळी सुरू झाली आणि शाळेतला संडास बंद आहे. सिद्धान्ताची जागा या खालच्या खान्यात. स्त्रीवादी मांडणी घरकामाचा प्रश्न विचारायला लावते, परिसरप्रणालीची मांडणी (माणूस आणि त्याचा भोवताल एकत्र बघणारी) संडासाचा. दोन सिद्धान्तांमधून एकच प्रश्न निघत असेल तर त्यातला एक शोभेचा आहे, खुशाल खोडा. मग पुढच्या भेटीत विचारायचा एकच प्रश्न लिहून पान मिटायचं. सुपरव्हायझरनेही बैठकीत वर्णन वाचत बसू नये, हाच खाना उघडावा.

राहिला वेळ. प्रत्येक भेटीला हे पान लिहू नका. जिथे अडलात किंवा जिथे निर्णय फारच पटकन सुचला, तिथे लिहा. आणि मुलाच्या जिवाला धोका दिसला तर आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन, वही नंतर.